आधी इंजेक्शन, मग घाट : आमच्या जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी आणि मा. जिल्हा शल्यचिकित्सक,

स. न. वि. वि.

जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. ज्यांच्यासाठी हे पत्र आहे त्यांना ते कळेलच. बाकीच्यांनी आपापल्या जिल्ह्याचं नाव घालून वाचलं, तरी दक्षिण कोकणात फारसं चुकणार नाही.

मी फिजिशियन आहे. तालुक्याच्या गावी १४ खाटांचं हॉस्पिटल चालवते, त्याला आता २७ वर्षं झाली. पावसाळ्यात माझ्याकडे ताप येतो, उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टो येतो आणि ‘पान लागलेली’ माणसं येतात. आमच्याकडे अजून साप चावला असं कुणी म्हणत नाही. दारात रिक्षा थांबते आणि कुणीतरी ओरडतं, ‘‘मॅडम, आवशीक (आईला) पान लागला, बगा!’’

गेल्या वर्षी मे महिन्यात आमच्या भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या एएसव्हीच्या, म्हणजे सापाच्या विषावरच्या इंजेक्शनच्या, बाटल्या गोळा करून एका रुग्णालयात एकत्र ठेवण्यात आल्या. केंद्रांत त्या वापरल्या जात नाहीत, मुदत संपून वाया जातात आणि ऑडिटला उत्तर द्यावं लागतं, असं कारण कानावर आलं. सूचना तोंडी होती. मी कागद मागितला, तो मिळाला नाही. तेव्हापासून केंद्रात पान लागलेला माणूस आला की एकच उपचार होतो. धनुर्वाताचं इंजेक्शन, एक सलाईन आणि रेफर.

ऑगस्टमध्ये ३८ वर्षांची एक बाई बेणणीला (शेतातलं तण काढायला) गेली होती. (तिच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.) मेरेवरून (बांधावरून) उतरताना घोट्याला घोणस चावली. वेळ सकाळी नऊची. नऊ पस्तीसला ती केंद्रात होती. चावल्यापासून पस्तीस मिनिटांत दवाखान्यात पोचलेली घोणशीची रुग्ण म्हणजे कोणत्याही डॉक्टरला हवी तशी वेळ! पण तिथे बाटली नव्हती. रुग्णवाहिका दुसऱ्या फेरीवर होती. रुग्णालयात पोचायला सव्वाअकरा वाजले. तिथे दोन बाटल्या चढवल्या आणि ‘व्हेंटिलेटर उपलब्ध नाही’ असा शेरा मारून तिला कोल्हापूरला रेफर केलं. घोणशीच्या या रुग्णाला व्हेंटिलेटर नको होता, अजून आठ बाटल्या हव्या होत्या. घाटाच्या भीतीने नवऱ्याने गाडी माझ्याकडे वळवली. दीड वाजता मी पाहिलं तेव्हा हिरड्यांतून रक्त येत होतं आणि लघवी काळपट लाल झाली होती.

ती जगली. मात्र दोन्ही मूत्रपिंडं बसली आणि अकरा वेळा डायलिसिस करावं लागलं. घरच्या बागेतली सतरा कलमं खंडाने (ठरावीक रकमेवर दुसऱ्याला) द्यावी लागली. आता लघवी नीट होते, रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाचं माप, अजून पूर्ण उतरलेलं नाही. आपल्या तक्त्यात ही केस ‘बरी झाली’ या रकान्यात असेल.

तुमच्याकडे बोट दाखवण्याआधी माझी एक गोष्ट सांगते, कारण रेफरचं पाप मीही केलेलं आहे. १९९९ चा जुलै. पहाटे चारला नऊ वर्षांचा एक मुलगा आणला. पोटात कळा येत होत्या, दोन उलट्या झाल्या होत्या. अंगावर खूण नाही, सूज नाही. मी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि थांबवून घेतलं. तासाभराने आई म्हणाली, ‘‘झोप येता त्येका.’’ पाहिलं तर पापण्या उचलत नव्हता. जमिनीवर अंथरूण, रात्रीची वेळ, न दुखणारा दंश, पहाटेची पोटदुखी. मण्यार याहून स्पष्ट बोलत नाही, मलाच तिची भाषा येत नव्हती. माझ्याकडे एएसव्ही नव्हतं. मी चिठ्ठी लिहिली आणि जीप घाटाकडे पाठवली. सोबत अ‍ॅम्बू बॅग, म्हणजे दाबून श्वास द्यायची पिशवी, दिली नाही, सिस्टरही दिली नाही. श्वास घाटात थांबला. गाडीत कुणी त्याला पिशवीने श्वास देत राहिलं असतं, तर तो कोल्हापूरला पोचला असता. मण्यारीचं विष स्नायूंना आज्ञा देणाऱ्या मज्जातंतूंची टोकं बिघडवतं. ती भरून यायला दिवस लागतात, पण येतात. तोवर कुणीतरी श्वास द्यायचा असतो. हे मला पुस्तकातून माहीत होतं. त्या पहाटे हाताला माहीत नव्हतं.

म्हणून केंद्रातल्या कंत्राटी वैद्यकीय अधिकाऱ्यावर माझा राग नाही. तो एकटा असतो, रात्री सोबत एक सिस्टर असते, आणि बाहेर पंचवीस माणसं उभी असतात.

आता मुद्दे.

पहिला बाटल्यांचा. विष रक्तात मोकळं फिरत असतं तेवढंच एएसव्ही त्याला धरतं. मूत्रपिंडाला इजा झाली, मज्जातंतूची टोकं गेली, की वीस बाटल्याही ते परत आणत नाहीत. या औषधाची सगळी किंमत पहिल्या काही तासांत आहे, आणि तेच तास आपण डांबरी रस्त्यावर घालवतो. वाया जाण्याचा प्रश्न खरा आहे, पण त्याला साधं उत्तर आहे. मुदत सहा महिन्यांवर आली की केंद्रातली बाटली मोठ्या रुग्णालयात न्यायची आणि तिथली नवी केंद्राला द्यायची. मोठ्या रुग्णालयात ती महिन्याभरात वापरली जाते. किराणा दुकानदारही जुना माल पुढे लावतो. वीज जाते, फ्रीज बंद पडतो, हे कारणही मी ऐकलं आहे. पावडरीच्या रूपातलं एएसव्ही पातळ औषधासारखं फ्रीजवर अवलंबून नसतं. केंद्रांसाठी पावडरच मागवा.

दुसरा मुद्दा भीतीचा, आणि माझ्या मते मूळ दुखणं हेच आहे. आमचे तरुण डॉक्टर सापाला घाबरत नाहीत, एएसव्हीला घाबरतात. घोड्याच्या रक्तापासून बनवलेलं औषध, रिअ‍ॅक्शन येऊ शकते, आणि रुग्ण सुईखाली गेला तर गाव म्हणणार ‘डॉक्टरने मारला’. भीती खोटी नाही. पण रिअ‍ॅक्शनचा उपाय प्रत्येक केंद्राच्या ट्रेमध्ये पडून आहे, अ‍ॅड्रिनॅलिन. मोठ्या माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या स्नायूत, वेळ न घालवता. श्रीलंकेत हजारावर रुग्णांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. एएसव्हीच्या आधी त्वचेखाली थोडं अ‍ॅड्रिनॅलिन दिलं तर गंभीर रिअ‍ॅक्शन कमी होतात, हे त्यात दिसलं. हायड्रोकॉर्टिसोन आणि प्रोमेथाझिन या अ‍ॅलर्जीवरच्या औषधांचा तसा फायदा दिसला नाही. आमच्याकडे मात्र हायड्रोकॉर्टिसोन बिनदिक्कत टोचलं जातं आणि अ‍ॅड्रिनॅलिनची अँप्यूल फोडताना हात थरथरतो. कातडीवर टेस्ट डोस देऊन अर्धा तास वाट बघायची पद्धतही काही केंद्रांत चालू आहे. ती चाचणी रिअ‍ॅक्शन येणार की नाही हे सांगत नाही, फक्त वेळ खाते.

या भीतीतूनच ‘दोन बाटल्या आणि रेफर’ ही रीत निघाली आहे. दोन बाटल्या म्हणजे वेशीवर फोडलेला नारळ. काहीतरी केलं, एवढीच त्याची किंमत. विषबाधेची लक्षणं असतील तर सुरुवातीचा डोस साधारण दहा बाटल्यांचा, तासाभरात. मुलांनाही तेवढाच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. आणि लक्षणं नसतील तर एकही बाटली द्यायची नाही. बिनविषारी साप चावतात, विषारी सापही कधी कोरडा चावतो. अशा माणसाला २४ तास नजरेखाली ठेवायचं. नातेवाईक ‘इंजेक्शन मारा’ म्हणून हट्ट धरतात, तेव्हा न मारण्यालाही धीर लागतो.

हा धीर कुठून येणार? सभागृहात पडद्यावर चित्रं दाखवून येत नाही. ज्या डॉक्टरने आमच्यापैकी कुणासोबत उभं राहून एकदा रिअ‍ॅक्शन आलेली पाहिली, स्वतःच्या हाताने अ‍ॅड्रिनॅलिन दिलं आणि दहा मिनिटांत रुग्णाला बोलताना पाहिलं, तो पुन्हा घाबरत नाही.

तिसरा मुद्दा ऐकून तुम्हाला हसू येईल. काचेची नळी. घोणस आणि फुरसं यांच्या विषाने रक्त गोठवणारी द्रव्यं शरीरातच खर्ची पडतात आणि रक्त गोठेनासं होतं. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन मिली ताजं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग नळी तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष चढलं आहे. पहिली चाचणी बरी आली तरी सुरुवातीला दर अर्ध्या तासाने पुन्हा करायची, कारण विष उशिरा चढू शकतं. एएसव्ही दिल्यावर सहा तासांनी परत बघायचं. सहा तास यासाठी, की विष थांबलं तरी गोठवणारी द्रव्यं नव्याने तयार करायला यकृताला तेवढा वेळ लागतो. दर तासाला बघून बाटल्यांवर बाटल्या चढवण्यात अर्थ नाही.

पण नळी काचेचीच हवी. काचेचा स्पर्श रक्ताला गोठायला भाग पाडतो. प्लास्टिकच्या नळीत धडधाकट माणसाचं रक्तही वीस मिनिटांनी पातळ राहू शकतं. साबणाने धुतलेल्या नळीचं तेच. गेल्या सप्टेंबरात मी एका केंद्रात गेले आणि काचेची नळी मागितली. रंगीत बुचांच्या प्लास्टिकच्या नळ्यांचा डबाच पुढे आला. सगळ्या नव्या, एकही कामाची नाही. शेवटी शेजारच्या हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून सहा परीक्षानळ्या मागून आणल्या. विज्ञानाच्या सरांनी ‘फुटल्या तर भरून द्या’ असं बजावून दिल्या. जिल्ह्याच्या खरेदीच्या यादीत लाखांची यंत्रं आहेत. त्या यादीत काचेची नळी का नाही, हे मला कुणी तरी सांगावं.

चौथं, साप कुठला? आपलं एएसव्ही चार सापांवर चालतं : नाग, मण्यार, घोणस, फुरसं. कोकणात फुरशाचा इतिहास जुना आहे. १८६२ साली रत्नागिरी जिल्ह्यात इंग्रजांनी फुरसं मारण्यावर बक्षीस लावलं, तेव्हा आठ दिवसांत एक लाख पंधरा हजारांवर फुरसी जमा झाल्याची नोंद जुन्या गॅझेटिअरमध्ये आहे. आजही चिऱ्याच्या गडग्यात (दगडी कुंपणात) हात घालणाऱ्याला, कातळावर गवत कापणाऱ्याला तेच भेटतं. पण आंबोलीच्या बाजूला चापडे हे वेगळे विषारी सापही आहेत, आणि त्यांच्यावर हे एएसव्ही बनवलेलंच नाही. चापड्यांमधला नाक वर वळलेला एक साप केरळात आणि श्रीलंकेत मूत्रपिंड निकामी करतो. रक्त न गोठणं घोणशीसारखंच दिसतं, पण आपल्या बाटल्या त्याला लागू पडत नाहीत. डॉक्टर मात्र ‘अजून दहा, अजून दहा’ करत राहतो. अशा वेळी थांबायचं कधी आणि डायलिसिसकडे वळायचं कधी, हे सांगणारं लेखी मार्गदर्शन आमच्या केंद्रांत नाही. आणखी एक. आपल्या एएसव्हीसाठी लागणारं विष मुख्यतः तामिळनाडूतल्या इरुळा या आदिवासी जमातीच्या सहकारी संस्थेकडून येतं. ती संस्था १९७८ मध्ये स्थापन झाली, आणि तिचे उपकार मोठे आहेत. पण एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे बदलतं. आमच्या फुरशाला आणि घोणशीला किती बाटल्या पुरतात, हे आमच्याच रुग्णांच्या नोंदीतून कळणार. त्या नोंदी कुणीच ठेवत नाही.

नोंदींवरून पाचवा. देशात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं मरतात, असा अंदाज २००० ते २०१९ या काळाच्या अभ्यासातून पुढे आला. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय कृती आराखडा आणला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे म्हणून. त्याच वर्षी नोव्हेंबरात सर्पदंशाची नोंद बंधनकारक करा, असं पत्र राज्यांना गेलं. माझ्या खाजगी हॉस्पिटलात गेल्या पावसाळ्यात किती दंश आले, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही. मग मृत्यू निम्मे झाले हे मोजणार कशावरून? शेतकरी मेला तर गोपीनाथ मुंडे अपघात योजनेतून घरच्यांना दोन लाख मिळतात, आणि ते मिळायलाच हवेत. जी जगली आणि सतरा कलमं खंडाने देऊन बसली, तिच्यासाठी कुठला अर्ज आहे, हे मी तिच्या नवऱ्याला सांगू शकले नाही.

आणि रेफर. रेफर करूच नका, असं मी म्हणत नाही. डायलिसिस, व्हेंटिलेटर लागणारच. आता जिल्ह्यात वैद्यकीय महाविद्यालय आलं आहे, त्याचाही उपयोग व्हायला हवा. पण चिठ्ठीवर ‘स्नेक बाईट, फॉर फर्दर मॅनेजमेंट’ एवढंच असतं. चावला किती वाजता, दोरी बांधली होती का आणि कधी सोडली, नळीतलं रक्त गोठलं का, किती बाटल्या किती वाजता दिल्या, पापण्या कशा होत्या, यातलं काही नसतं. पुढचा डॉक्टर शून्यापासून सुरू करतो. एक फोनही कुणी करत नाही.

कोकणातला सरकारी डॉक्टर रेफरपलीकडे काय करू शकतो, याचं उदाहरण शोधायला लांब जायला नको. डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः मुलं, मरत होती. त्यांनी रुग्णाच्या उशाशी रात्री काढल्या, नाडी आणि रक्तदाब मोजून लिहून ठेवला, आणि प्रॅझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी वापरून पाहिली. १९८६ मध्ये ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्या कार्यालयांतूनही अभिनंदनाचे संदेश फिरले असतील. विंचू चावल्यावर प्रॅझोसिन द्यायचं हे आज आमच्याकडे कंपाउंडरलाही माहीत आहे. ते ज्ञान मोठ्या शहरातून खाली आलं नाही. केंद्रात तयार झालं, कारण तिथल्या डॉक्टरने रुग्ण पुढे न ढकलता जवळ ठेवला.

आता मागण्या सांगते, आडवळण न घेता.

मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात किमान दहा बाटल्या परत ठेवा. मुदतीप्रमाणे बाटल्या फिरवण्याची पद्धत लेखी काढा. तोंडी सूचना पुरे झाल्या.

प्रत्येक केंद्रात अ‍ॅड्रिनॅलिन, मुलांच्या मापासकट अ‍ॅम्बू बॅग, नागाच्या विषाने लुळ्या पडलेल्या स्नायूंसाठी निओस्टिग्मिन-अ‍ॅट्रोपिन, आणि काचेच्या नळ्या असाव्यात. सर्पदंशाची पेटी वेगळी, तिच्या झाकणावर मराठीत पायऱ्या, आणि पेटी कुलुपाबाहेर. किल्ली ज्यांच्याकडे असते ते रजेवर असतात, हा आमचा अनुभव आहे.

‘लक्षणं असतील तर पहिला डोस दिल्याशिवाय रेफर नाही’ असा आदेश काढा. सोबत हेही लिहा, की नियमाप्रमाणे उपचार करणाऱ्या डॉक्टरमागे रिअ‍ॅक्शन आली तरी खातं उभं राहील. हे दुसरं वाक्य नसेल तर पहिलं कागदावरच राहील.

श्वासाचा त्रास असलेल्या रुग्णाच्या गाडीत पिशवी दाबता येणारा माणूस बसलाच पाहिजे. ड्रायव्हर धरत नाही.

सरकारी आणि खाजगी, सगळ्या दंशांची एकच नोंदवही ठेवा आणि दर तीन महिन्यांनी आम्हा डॉक्टरांसमोर ती उघडा. कुणाला दोषी ठरवायला नको, वेळ कुठे गेला हे बघायला.

माझ्याकडून एवढं देते. एप्रिल आणि मे महिन्यातले सगळे रविवार मी आणि आमच्या भागातले आणखी दोन फिजिशियन केंद्रांतल्या डॉक्टरांना आणि सिस्टरना शिकवायला तयार आहोत. मानधन नको, चहा चालेल. पावसात ज्यांना बोलावून रुग्ण दाखवायचा असेल त्यांनी रात्री-अपरात्री फोन करावा, मी उचलते.

शंभर काचेच्या नळ्या मी स्वतः आणून ठेवल्या आहेत. केंद्रांनी शिपाई पाठवून घेऊन जाव्यात, सहीची गरज नाही. सहा मात्र हायस्कूलला परत करायच्या आहेत, आणि त्यातली एक फुटली आहे.

आपली,
तालुक्याच्या गावची एक फिजिशियन